परत आलेला मेल

चकल्या तळल्याचा वास आला की मला विठ्ठलवाडीतलं ते दार आठवतं. डोंबिवलीच्या शाळेतल्या आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन ठरलं होतं आणि गणिताच्या बाईंना मेलवर पाठवलेलं आमंत्रण परत आलं, असा पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून. आमंत्रणं पाठवणाऱ्या माझ्या मित्राने तेच पुन्हा पुन्हा पाठवून पाहिलं आणि शेवटी कार्यक्रमपत्रिकेत बाईंना श्रद्धांजली लिहून मोकळा झाला. "अरे, पत्ता बंद झालाय, बाई कशावरून गेल्या?" मी म्हणालो. ऑफिसात परत आलेले मेल मीच बघायचो. असा मेल कितीदाही पाठवला तरी पोचत नाही, माणसाकडे जायची दुसरी वाट शोधावी लागते. मी शाळेतून बाईंचा घरचा पत्ता मिळवला आणि मित्राला घेऊन रिक्षाने विठ्ठलवाडीला निघालो. बेल वाजवली, आणि पिठाच्या हाताने बाईंनीच दार उघडलं. "तो शाळेचा मेल होता रे, मी निवृत्त झाले तसा त्यांनी बंद केला. आत या, तेल तापलंय." मित्र पायरीवरच बसला, हसत आणि डोळे पुसत. आजही असा मेल परत आला की पत्ता काढून टाकण्याआधी मी फोन लावतो, आणि पलीकडून हॅलो ऐकू येईपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.