गणपतीच्या तळहातावरची पाव्हणी

नुसतं बसून राहण्यात मला कोणी हरवील असं मला वाटत नव्हतं. रोह्याहून हमरापूरला सासुरवाडीला गेलो की मेहुण्याच्या गणपतीच्या कारखान्यात मी दारातली खुर्ची धरतो, ती जेवायला हाक येईपर्यंत सोडत नाही. पण गेल्या पावसाळ्यात तिथे माझ्याहून सरस असामी भेटली. मागच्या आंब्यावरून उतरून आलेला एक झाडबेडूक. अंगाने बोटभर, डोळे मात्र आमच्या कंपनीतल्या साहेबांसारखे बाहेर आलेले.

दिवसभर हातपाय पोटाखाली घेऊन हे महाशय ध्यान लावत. संध्याकाळी दिव्याभोवती किडे जमले की सावकाश जेवायला निघत. बोटांच्या टोकांना बारीक चकत्या. त्या टेकत भिंतीवर असे जपून चढत, की ओल्या रंगाची काळजी जणू त्यांनाच. सकाळी पुन्हा ठरल्या जागी, म्हणजे दारातल्या मूर्तीच्या डाव्या तळहातावर हजर. एरवी तपकिरी, पण त्या हातावर बसले की फिकट पिवळसर. पेणच्या एका गिऱ्हाइकाने मूर्ती न्याहाळून मोदक जरा चपटा झालाय अशी तक्रार केली. मेहुण्याने बोलता बोलता मोदकावर केशराची काडी काढायला कुंचला टेकवला, तर मोदकाने डोळे उघडले. गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात गेलं.

सासूबाई त्या बेडकाला ‘पाव्हणा’ म्हणत. मलाही तेच म्हणतात, त्यामुळे चौकशी कुणाची चाललीय ते मला कळत नसे.

मग आषाढात एका सकाळी, शाडू भिजवायच्या टबाच्या काठाला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला. मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, “भावोजी, दाढी घरात करत जा.”

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. “त्यांचा नाय तो फेस. आपला पाव्हणा नाय, पाव्हणी हाय. पोरं हायत त्यात. खाली पाण्यात पडतील.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. मोठा टब तेवढा एकच, ऑर्डरी अर्ध्या बाकी. टब रिकामा केला नाही तर मूर्ती कशात करू, गिऱ्हाइकं काय बेडकाची पिल्लं पाटावर बसवणार, असं तो बराच वेळ बोलत राहिला. सासूबाई माती मळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “देवाच्या हातावर बसली ती. बाळंतिणीला घराबाहेर काढतोस व्हय?”

मेहुणा घरात गेला आणि न्हाणीघरातलं पिंप उचलून घेऊन आला. शाडू त्यात भिजला. गणपतीपर्यंत जेव्हा जेव्हा गेलो, मी तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकली. मला कोणी विचारलं नाही.

फेस वाळला, पिल्लं टपटप पाण्यात पडली. सासूबाई त्यांना भाताची शितं टाकत. पुढे पाय फुटलेली, शेपूट अजून न सुटलेली ती चिल्लीपिल्ली काठावर चढली आणि एकेक करून आंब्याकडे गेली. पाव्हणीही मग दिसेनाशी झाली. तिचा तळहात रिकामा राहिला. मोदक लाव म्हटलं की मेहुणा म्हणे, “लावू शेवटी. काय घाई हाय?”

अखेर ती मूर्ती न्यायला टेम्पो दारात आला. सासूबाई आंब्याकडे बघत उभ्या होत्या. मेहुण्याने मातीचा गोळा घेतला, मोदक केला, तळहातावर ठेवला आणि मग अंगठ्याने हळूच दाबून थोडा चपटा केला.