एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. महिन्यातले काही दिवस शाळा-कॉलेजांत जाते आणि व्यसनं, लैंगिक आजार, एचआयव्ही हे सगळं पोरापोरींना समजावून सांगते. मुलींच्या वर्गात उभी राहिले की सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात आणि मी पंख्याशी बोलतेय असं वाटायला लागतं. म्हणून मी चिठ्ठ्यांची पद्धत ठेवली आहे. वहीचं पान फाडायचं, नाव न घालता प्रश्न लिहायचा आणि डब्यात टाकायचा. मी तो मोठ्याने वाचून उत्तर देते. ही पद्धत बिनचूक आहे असं मी नव्या सहकाऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

राहुरीच्या पुढे, कालव्याकाठच्या एका गावात, बारावीच्या मुलींसमोर माझा तो तोरा उतरला. पहिल्या दोन चिठ्ठ्या नेहमीच्याच निघाल्या. तिसरीत लिहिलं होतं, ‘लग्न ठरलेला मुलगा रोज पितो. ट्रकवर असतो, बाहेर कुठं कुठं जातो म्हणतात. लग्नाआधी त्याची रक्ततपासणी मागता येते का?’

मला कोण आनंद झाला! इतक्या वर्षांत इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी ती चिठ्ठी वर धरून म्हणाले, “बघा, याला म्हणतात प्रश्न!” मागे बसलेल्या वर्गशिक्षिका कौतुकाने पुढे आल्या, त्यांनी कागदावर नजर टाकली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला अगदी मायेने म्हणाल्या, “अगं, हे तर तुझं अक्षर. एवढं चांगलं स्थळ आलंय, आणि हे काय भलतंच मनात घेतलंस?”

पाचवीपासून वह्या तपासणाऱ्या बाईंना पोरींची अक्षरं चेहऱ्यांइतकी ओळखीची असणार, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मुलगी पांढरीफटक पडली. मी तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. पण मी घाबरले, चिठ्ठीची घडी घातली आणि पुढची उघडली. त्या घडीची मला आजही लाज वाटते.

गोष्ट संध्याकाळच्या आत घरी पोचली. मुलीला वडील नव्हते, चुलत्यांनीच वाढवलेली. दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला, चुलते शाळेतून नाव काढायला येताहेत, तुम्हीही या. परीक्षा दोन महिन्यांवर होती. नाव काढलं असतं तर परीक्षा गेली असती आणि लग्न लगेच उरकलं असतं. एसटीत बसल्यापासून मी मनात नुसती वाक्यं जुळवत होते, आणि एकही धड जुळत नव्हतं.

ऑफिसात चुलते गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. वर्गशिक्षिका खाली बघत होत्या. “पोरीनं आमची लाज काढली,” चुलते म्हणाले. “सोयऱ्याला काय तोंड दावू मी? आता शाळा बास.”

तेवढ्यात दारात तिच्याच वर्गातली एक मुलगी आली. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिते तीच. तिच्या हातात माझा डबा होता. मागच्या वेळी मी तो वर्गातच विसरले होते. “मॅडम, प्रश्न हायेत,” म्हणाली आणि तिने तो टेबलावर पालथा केला.

मी चिठ्ठ्या उघडायला लागले. ‘मिश्री म्हणजे तंबाखूच का? आम्ही तर दात घासायला लावतो.’ ‘भाऊ पिऊन मारतो, कुठं सांगायचं?’ ‘नवऱ्याला नको म्हणता येतं का?’ आणि मग, ‘लग्नाआधी तपासणी मागता येते का?’ पुढच्या चिठ्ठीवर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या चिठ्ठीवरही तेच. सगळ्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात होत्या, गोल, ठसठशीत, गावातल्या प्रत्येकाने फळ्यावर वाचलेल्या अक्षरात.

“समद्यांनी सांगितलं, मी लिवलं,” ती पोरगी म्हणाली. “आता ज्यांना अक्षर वळखायचं, त्यांनी वळखावं.” वर्गातल्या सगळ्या पोरींची लाज हिने एकटीने आपल्या अंगावर घेतली होती, आणि गृहपाठ दाखवावा तशी ती समोर उभी होती.

चुलते एकेक चिठ्ठी उचलून बघत होते. “एवढ्या जनी?” ते पुटपुटले. वर्गशिक्षिकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मिळालेली वाट लगेच धरली. “चूक माझीच झाली, भाऊ. मागची चिठ्ठीही हिनेच लिहिलेली असणार. तुमच्या पोरीचं त्यात काही नाही.” चुलत्यांचे खांदे सैल पडले. सगळं मिटलं होतं. मुलीने फक्त गप्प राहायचं होतं.

“न्हाई बाई.” ती भिंतीपासून पुढे आली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. “ती चिठ्ठी माझीच हुती. मॅडम, उत्तर द्यायचं राहिलंय तुमचं.”

एवढी वर्षं मी पोरींना धीट व्हायला शिकवत होते. धीटपणा कसा दिसतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्या दोघींसमोर उभं राहायचाही संकोच वाटला. मी उत्तर दिलं, चुलत्यांकडे न बघता, तिच्याकडे बघून. मागता येते. दोघांनीही करायची, त्यात कुणाचा अपमान नाही. त्याने त्याच्या मर्जीने यायला हवं. तो नाही म्हणाला, तर तुलाही लग्नाला नाही म्हणता येतं. पिणं सुटायलाही औषध आहे, पण तुझं लग्न हे त्याचं औषध नव्हे.

चुलत्यांनी चिठ्ठ्या गोळा करून नीट डब्यात ठेवल्या. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “रगत द्यायला पोराला उपाशीपोटी आणायचं का, मॅडम?”