परसातली बाव

गाव विमानतळाच्या जागेत गेलं, तेव्हा सासूबाई पनवेलला आमच्याकडे राहायला आल्या. सोबत कपड्यांची पिशवी, एक मातीचं मडकं आणि राखेत घोळवून ठेवलेलं बी. आमच्या रो-हाउसमागे चार खाटा मावतील एवढीच मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे खुरपं घेऊन बसल्या.

त्यांच्या सासूच्या सासूनं राखला होता, तसाच परस त्यांना हवा होता. मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे अळू, पलीकडे केळ. मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्यानं भरलं आणि भोवती पडवळाचं बी टोचलं. झिरपेल तेवढं पाणी मुळं आपली आपण पितात. पडवळं लोंबायला लागली की सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधायच्या. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. मला हे सगळं नवं होतं आणि फार आवडायचं.

मधला एक गोल तुकडा मात्र रिकामाच होता. मी तिथे मिरची लावायला बसले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तितं नको गो. तितं बाव हाय."

"बाव म्हणजे?"

"विहीर. दिसत नाय तुला?"

समोर कोरडी माती होती.

संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर त्याला विचारलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

"गावच्या परसात मधोमध विहीर होती," तो म्हणाला. "माझी मोठी बहीण तिच्यात बुडून गेली. माझ्या जन्माच्या आधी. भरावाचे डंपर आले तेव्हा आई काठावरून हलेना. 'तिच्यावर माती टाकू नका' एवढंच म्हणत होती."

मग मी तो विषय काढला नाही. परसात वावरताना त्या नेहमी त्या तुकड्याला वळसा घालत. कधी कडेला बसून वाकून बघत. एकदा राहवलं नाही म्हणून विचारलं, "आई, काय दिसतं?"

"पानी खाली गेलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "उन्हाला हाय ना."

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

काही दिवसांनी गॅसवाला मागच्या दारानं आला. खांद्यावर सिलिंडर, पायाखाली लक्ष नाही, सरळ त्या तुकड्यावरून निघाला. मी किंचाळले, "अहो, विहीर!"

तो जागच्या जागी थांबला. आधी पायांकडे, मग माझ्याकडे बघितलं. आणि खरं सांगते, तो बुडाला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं.

नवरा आतून हे ऐकत होता. रविवारी त्यानं विटा आणल्या आणि त्या जागेभोवती गुडघाभर कठडा बांधला. मी पाणी मारलं.

आत आता गवत माजलंय. ते उपटायला आमच्यापैकी कुणी अजून आत उतरलेलं नाही.