रविवारी टेकडीवर जाणारी पोरं

एरंडोलला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक टेकलं की चहा येतो, आणि चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "रशीदभाई, त्या पोरांचं काहीतरी सांगा ना!" पोरं म्हणजे आठवी ते बारावीतली दहा-बारा मुलं-मुली. दर रविवारी गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर दगडी बांध घालतात, चर खणतात, झाडं जगवतात. मी त्यांचा लोडिंग रिक्षावाला. किस्से इतके साचलेत की एक सांगायला घ्यावा तर मागचे चार पुढे घुसतात!

मी यात पडलो तो एका टिकावामुळे. दांडा निसटलेला टिकाव घेऊन अंजली दुकानात आली. अकरावीतली, शेतकऱ्याची मुलगी, टिकावापेक्षा जेमतेम उंच. "कशाला लागतो गं?" विचारलं तर म्हणाली, "चाचा, येऊन बघा."

गेलो. पोरं ओढ्यात दगड रचत होती. सगळी उमर लोखंड जोडण्यात गेलेली, लगेच अक्कल पाजळली : "मध्ये थोडं सिमेंट भरा, नाहीतर टिकणार नाही!"

अंजलीने माझ्या हातातला दगड घेतला, फिरवला, दोन दगडांच्या मधे ठेवला आणि त्यावर चढून उड्या मारल्या. दगड हलला नाही.

"चाचा, दगड चिकटवायचा नसतो, बसवायचा असतो. पाणी आपल्याला कोंडायचं नाही, नुसतं हळू चालवायचंय!"

त्या दिवसापासून टेकडीवर मी सल्ला देत नाही. रिक्षा चालवतो.

शबाना दहावीत होती. तिची अम्मी, आमच्या गल्लीतल्या शिलाईकाम करणाऱ्या भाभी, एका रविवारी तणतणत माझ्या रिक्षात बसल्या. "बोर्डाचं वर्ष, आणि मुलगी दगड वाहते! आज तिला ओढूनच आणते."

टेकडीवर पोरांची साखळी लागली होती. खालून वर, हातोहात दगड चालले होते. शबानाच्या शेजारी एक जागा रिकामी होती. भाभी तिथे जाऊन उभ्या राहिल्या, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालच्या मुलाने त्यांच्या हातात दगड दिला! आता करायचं काय? त्यांनी तो शबानाकडे दिला. मागून दुसरा आला. मग तिसरा.

दुपारी उतरताना भाभी ओढणीने घाम पुसत मला म्हणाल्या, "रशीदभाई, पुढच्या रविवारी चहा मी आणते. तुमचा फार पांचट असतो!"

शबाना पास झाली बरं का. चांगल्या मार्कांनी.

एकदा एक बडे पाहुणे वृक्षारोपणाला आले. खड्डे पोरांनी भर उन्हाळ्यात खणून ठेवलेले. पाहुण्यांनी रोप उचललं, प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

आमचा गोलू नववीतला. अंगाने आडवा, आणि मनात आलं की तोंडात! म्हणाला, "साहेब, फोटो झाला की सांगा. मग मी झाड लावतो."

पण पाहुणे माणूस म्हणून चांगले निघाले. बाह्या सारल्या, मातीत गुडघे टेकले, रोप बाहेर काढलं, पिशवी फाडली आणि नीट लावलं. फोटोग्राफर मात्र तोवर गाडीत जाऊन बसला होता!

गवत वाढावं म्हणून ग्रामपंचायतीने टेकडीची एक बाजू चराईला बंद केली. शेळ्या चारणारे एक नाना काठी आपटत आले आणि अहिराणीत कडाडले, "बठ्ठी टेकडी तुमना बापनी शे का?" बठ्ठी म्हणजे सगळी.

आम्हाला वाटलं, आता जुंपणार. अंजलीने वाद घातलाच नाही. वाकून गवताची एक काडी उपटली. "नाना, या गवतनं नाव काय शे?"

"पवन्या! इतलं माहीत नही? काय शिकाडतस शाळामा?"

"आनि हाई?"

"हाई कुसळी. नि ती तथी मारवेल."

अंजली वहीत लिहीत गेली, नाना सांगत गेले. कुठलं शेळी खाते, कुठलं खात नाही, कुठलं छपराला चालतं. शेळ्या दुसऱ्या बाजूला निघून गेल्या तरी नानांना पत्ता नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर नाना आमच्या आधी हजर. हातात गवताची जुडी. म्हणाले, "मनी शाळा कवय भरस?" म्हणजे, माझी शाळा कधी भरते?

मग धुळ्याकडच्या एका गावाने बांध शिकवायला बोलावलं. मी रिक्षातून उतरलो आणि माझी पांढरी दाढी बघून सरपंचबाईंनी थेट माझ्याच गळ्यात हार घातला! मी म्हटलं, "ताई, मी ड्रायव्हर. साहेब मागे झोपल्यात." अंजली मागे घमेल्यांच्या शेजारी डोकं टेकून घोरत होती.

गावाने बांधाची जागा आधीच ठरवली होती. अंजलीने पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली आणि मान हलवली. "इथे घातला तर पाणी बाजूच्या शेतात घुसेल." म्हातारी मंडळी कुजबुजली. कुणी हसलंही. सरपंचबाईंनी विचारलं, "मग कुठे?" ती ओढ्यातून वर चालत गेली, पुन्हा मोजलं आणि एक दगड ठेवला. ज्यांचं ते शेत होतं, ते आजोबा सगळ्यांच्या आधी तिच्या मागे गेले.

सरपंचबाईंनी माझ्या गळ्यातला हार काढला. "भाऊ, राग मानू नका हं." आणि अंजलीच्या गळ्यात घातला.

राग? मी फोटो काढत होतो!

आणि आता वणव्याचं सांगतो. मार्चमधली रविवारची दुपार. टेकडीच्या मागून धूर उठला. वारा आमच्याच दिशेला. हिवाळ्यात पोरांनी वनरक्षकांच्या देखरेखीखाली गवत कापून जाळरेषा केली होती, म्हणजे मोकळा पट्टा, आग तिथे येऊन उपाशी मरावी म्हणून. वनरक्षक धावत आले. "रेषेच्या पलीकडे कुणी पाय टाकायचा नाही! इकडे ठिणगी पडली तर तेवढी झोडा."

ही सगळी दुसऱ्यांची लेकरं, माझ्या रिक्षातून आलेली. मी ओरडलो, "चला रे खाली!" कुणी हललं नाही. हिरव्या फांद्या घेऊन सगळे रांगेत उभे. आग कडकडत आली, रेषेपाशी थांबली, बसली. एकच ठिणगी उडाली ती थेट आमच्या रोपांत. गोलू, ज्याला धावताना मी कधी बघितलं नव्हतं, असा धावला! झोडून झोडून त्याने हातभर गवत जळेपर्यंतच ती विझवली. रोपं वाचली. त्याच्या शर्टाची बाही गेली.

वनरक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, डायरी उघडली. "शाब्बास! वरिष्ठांना सांगून कौतुकाचं पत्र थेट घरी पाठवतो. पूर्ण नाव सांग."

गोलूने तोंड पुसलं, काजळी आणखीच पसरली. म्हणाला, "साहेब, पत्र दुसऱ्या कुणाच्या नावाने पाठवा. घरी सांगून आलोय, गणिताच्या क्लासला जातोय म्हणून!"