आधी पिवळं, मग लाल

हा गुन्हा मला आजही आठवतो, आणि आठवला की आधी राग येतो. बाकीचं सगळं नंतर येतं. नोकरीची मुदत संपण्याआधीच मी निवृत्ती घेतली. लोक विचारतात का, तर मी तब्येतीचं सांगतो. तब्येत ठीक आहे.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. कापूस, सोयाबीन आणि रानडुकरं, हेच आमच्या हद्दीचं जगणं. डुकरं पीक लोळवतात म्हणून शेतकरी रात्रीच्या राखणीला जागल्या ठेवतात. काही जण चोरून गावठी बॉम्बही ठेवतात. डुकराने तोंडात धरला की फुटतो. कधी तो गाईच्या तोंडात फुटतो, कधी बॉम्ब वळणाऱ्याच्याच हातात. असे गुन्हे आमच्याकडे नवीन नव्हते, त्यामुळे पुढचा आला तेव्हा डोकं चालवायची गरज मला वाटली नाही.

खबर फोनवर आली. बोलणारे हद्दीतल्या एका गावचे मोठे बागायतदार, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. सगळे त्यांना भय्यासाहेब म्हणत, मीही म्हणायचो. त्यांना नेमबाजीचा शौक होता. शेतावरच्या बंगल्यामागे त्यांनी यंत्र बसवलं होतं. दांडा ओढला की मातीची चकती हवेत उडायची आणि पाहुणे ती बंदुकीने फोडायचे. ठाण्याच्या व्हॉलीबॉल मैदानावरचे दिवे त्यांनीच लावून दिले होते. ते म्हणाले, "ठाणेदार साहेब, आमचा जागल्या बॉम्ब वळत होता. फुटला. मी गाडीनं दवाखान्यात पाठवलाय, पण कायदा म्हणून तुम्हाला कळवतोय."

कायदा म्हणून. हे शब्द मला तेव्हा चांगले वाटले होते.

आम्ही जागल्याच्या झोपडीवर गेलो. गवताखाली एक गावठी बॉम्ब सापडला. पंच म्हणून भय्यासाहेबांचीच दोन माणसं हजर होती. रक्त झोपडीत नव्हतं, बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत होतं. मी ते पाहिलं, आणि जखमी होऊन तो तिकडे धावला असेल असं स्वतःलाच समजावलं.

दवाखान्यात त्याच्या डाव्या हाताला बोटं उरली नव्हती, अंगठाही नव्हता. चाळिशीचा माणूस, भुलीतून नुकता बाहेर आलेला. काय झालं विचारल्यावर तो एकच सांगत राहिला, "आधी पिवळं टाकलं साहेब. ते वाजलंच नाई. मंग लाल टाकलं." मी हवालदाराला म्हणालो, घ्या, स्वतःच सांगतोय. पिवळं म्हणजे गंधक, लाल म्हणजे वर गुंडाळायचा दोरा. पुढे विचारलंच नाही. त्याने दोनदा मान हलवून "नाई, नाई" केलं, तेव्हा मी आवाज चढवला.

त्याची बायको दाराशी उभी होती. झोपडीत माल सापडलाय, तुझ्या बायकोलाही आरोपी करतो, असं मी तिच्यासमोर त्याला सांगितलं. तो गप्प झाला. बॉम्ब आपणच वळला असं निवेदन मी लिहून घेतलं. पुरुषाचा डावा अंगठा घेतात, तशी पद्धत आहे. हवालदार शाईचा डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणालो, "उजवा घ्या."

हे मी मागच्या हिवाळ्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. घरीही नाही.

जखम थोडी सुकल्यावर त्याची रवानगी कारागृहात झाली. हाताला पट्टी, अंगावर स्फोटकांचा आणि शिकारीचा गुन्हा. शिक्षा झाली असती तर काही वर्षं आत गेली असती. बाई आर्वीच्या बसने ठाण्यात यायची, बाकावर बसायची आणि एकच विचारायची, "मालकानं बलावलं म्हून गेलतो, असं ते म्हणून राह्यले. तुमी मालकाले काऊन नाई इचारत?" मी तिला वकील करायला सांगायचो.

उलगडा झाला तो शल्यचिकित्सकामुळे. कागद न्यायला गेलो तेव्हा त्यांनी सीलबंद बाटली पुढे केली. तळहातातून काढलेला धातूचा तुकडा होता तो. बाहेरून काळसर निळा, आतून आरशासारखा गुळगुळीत आणि वाकलेला. गावठी बॉम्बात मी आजवर गोटे पाहिले होते, खडी पाहिली होती. घासून चकाकवलेलं पोलाद कधी पाहिलं नव्हतं. मी बाटली उजेडात धरली. ही नळी होती, बंदुकीची. आणि तिथे उभ्या उभ्याच मला कळलं की पिवळं काय आणि लाल काय. माणूस पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

पण कळणं आणि सिद्ध करणं यात फरक असतो. भय्यासाहेबांना थेट विचारलं असतं तर पुढच्या तासाला वकील आला असता. मी दुसरा रस्ता धरला. बंदुकीच्या शौकिनाला गप्प बसवता येतं, पण त्याच्यासमोर बंदुकीबद्दल चुकीचं बोललं तर त्याला गप्प राहवत नाही.

सकाळी त्यांच्या बंगल्यावर चहाला गेलो. म्हटलं, खात्याच्या स्पर्धेत चकत्यांचा प्रकार सुरू करायचा विचार आहे, बंदूक कोणती घ्यावी? वीस बोअरची घेतली तर? बारापेक्षा मोठी ना ती?

ते खळखळून हसले. "साहेब, खांद्यावर एवढे तारे अन् हे माहीत नाही?" मग त्यांनी शाळाच घेतली. बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. एक रत्तल, म्हणजे पौंडभर, शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात बसते ती बारा बोअर. वीस पाडल्या तर गोळी लहान, नळीही लहान. चकत्यांना बाराच हवी. वजनदार असली की चकतीमागे नळीचा झोका सरळ जातो. छर्रा बारीक, साडेसात नंबरचा, म्हणजे दाणे जास्त आणि चकती निसटत नाही. बदकाला मात्र जाड, चार नंबर. नवशिक्याच्या हाती वीस द्यावी, खांद्याला धक्का कमी बसतो. आणि तितर-लाव्यांना वीससारखी बंदूक नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"हलकी. नाल्याकाठानं सकाळभर फिरलो तरी हात भरून येत नाई."

फिरलो, म्हणाले. तितराला हात लावणं हा गुन्हा आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण लगेच "म्हणजे जुन्या काळात" असं जोडलं. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून बिस्कीट उचललं. म्हटलं, दोन्ही बंदुका सोबत असल्या तर काडतुसांचा घोळ होत असेल?

"म्हणून तं विसाचं पिवळं असते," ते ओघात बोलून गेले. "आमचं बाराचं लाल. विसाचं बारात टाकलं तर थांबत नाई, घसरून पुढं जाऊन अडकते. घोडा ओढला तरी वाजत नाई. पाहणाऱ्याले वाटते नळी रिकामी आहे. मागून दुसरं घातलं की..."

तिथे थांबले.

"की काय, भय्यासाहेब?"

त्यांनी नोकराला कप उचलायला सांगितलं. मी त्यांची बारा बोअर पाहायला मागितली. दुरुस्तीला नागपूरला दिली, म्हणाले. दुकान विचारलं तर आठवेना. बंगल्याची झडती घेतली. कापसाच्या गंजीत, पार तळाशी दुनळी बंदूक मिळाली. उजवी नळी केळीच्या सालीसारखी फाटलेली. फाटलेल्या जागेत पिवळ्या काडतुसाचं पितळी बूड चिकटलेलं होतं.

मग कारागृहात जाऊन मी जागल्याचं पुन्हा ऐकलं. या वेळी मध्ये बोललो नाही. त्या दिवशी सकाळी मालकांचे पाहुण्यांसोबत तितर मारून झाले होते. नंतर चकत्यांचा खेळ, आणि हा यंत्राचा दांडा ओढत होता. हसता हसता मालक म्हणाले, घे, तूही एक मार. खिशातून काढून पिवळं काडतूस त्यांनीच भरलं. वाजलं नाही. बंदूक मधून उघडून नळीत वरवर पाहिलं, दुसरं, लाल भरलं, परत हातात दिली. नंतर झोपडीत बॉम्ब ठेवणारा माणूसही सापडला. तो पंचांपैकीच एक होता.

भय्यासाहेबांवर गुन्हा दाखल केला. त्यांना जामीन लगेच मिळाला. पाहुणे कोण होते हे कागदावर येऊ नये म्हणून मला कुठून कुठून फोन आले ते इथे लिहीत नाही. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. त्या माणसाला बिनहाताचा करून वर बॉम्बवाला ठरवणारा गृहस्थ आजही लग्नांत पहिल्या रांगेत बसतो.

पण माझा सगळा राग त्याच्यावर काढणं सोयीचं होईल. जागल्याला सोडण्यासाठी न्यायालयात जो अहवाल दिला, त्यात मी लिहिलं की त्याने ते निवेदन वेदनेच्या भरात दिलं. तेही खोटंच. वेदना त्याची होती, भर माझा होता. सुटल्यावर त्याने माझ्याकडे एकच मागितलं होतं. गावात येऊन चारचौघांत सांगा, मी बॉम्ब वळला नाही. गावात त्याला बॉम्बवालाच म्हणत, कामावर कुणी घेत नव्हतं. मी नियमात बसत नाही म्हणून टाळलं. कोणता नियम, ते त्याने विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मागच्या हिवाळ्यात मी त्या गावात गेलो. पारावर माणसं बसली होती. मी ओळख दिली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बॉम्ब नव्हता, बंदूक कुणाची होती, काडतूस कुणी भरलं, आणि धमकावून अंगठा मी घेतला. जागल्या तिथे नव्हता. रोज कामासाठी दुसऱ्या गावी जातो, असं कळलं. बाई मात्र माझं बोलणं सुरू झाल्यावर येऊन उभी राहिली होती.

एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "आमाले तं तवाच माईत होतं, साहेब. बंदुकीचा आवाज साऱ्या गावानं आयकला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच नाई."

बाई त्याच्याकडे वळली. "अन् तुमी त्यायले बॉम्बवाला म्हणत राह्यले," ती म्हणाली. म्हाताऱ्याने तंबाखू तोंडात टाकली.

गुन्हा उकलला म्हणून तेव्हा माझं कौतुक झालं होतं. या गुन्ह्यात उकलण्यासारखं काही नव्हतं. सगळं उघड्यावर होतं, रक्तासकट. चाळीस-पन्नास घरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारने ज्याला विचारायचा पगार दिला त्याला. परत निघालो तेव्हा त्या बाईला हात जोडले. तिने जोडले नाहीत. गाडीत बसल्यावर चीड आली, ती तिची नव्हती, माझी स्वतःची होती.