मोघेबाईंची वीस मिनिटं

सोमवार, सुनंदाच्या केमोचा दुसरा आठवडा. वजन सेहेचाळीस किलो आठशे ग्रॅम. हजर तिघं: मी, पत्नी सुनंदा आणि आहारतज्ज्ञ मोघेबाई. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर पुढची केमो लांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी केलेली मुगाची खिचडी डब्यातून दाखवायला नेली होती.

बाईंची एक सवय होती. पेशंटच्या घरच्या जेवणाचा एक घास स्वतः खाल्ल्याशिवाय त्या काही सांगत नसत. माझ्या खिचडीचा घास त्यांनी बराच वेळ चघळला. मग सुनंदाला विचारलं, "काल काय गोड लागलं?" काय खाल्लं, हे त्या कधीच विचारत नसत.

"सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं," सुनंदा म्हणाली.

"मग स्टीलचा चमचा सोडा, प्लास्टिकचा घ्या. आणि गार करून खा, वास कमी येतो."

मी वही पुढे केली. रोजचे ग्रॅम लिहायला 'खाल्लं' असा रकाना आखला होता. बाईंनी तो शब्द खोडून 'दिलं' लिहिलं. वर मला म्हणाल्या, "ताट ठेवलंत की वीस मिनिटं खाली फिरून यायचं. पहारा द्यायचा नाही."

चार महिने मी हे पाळलं. धायरीतल्या आमच्या सोसायटीला सात फेऱ्या म्हणजे वीस मिनिटं. वर येईपर्यंत ताट घासून पालथं घातलेलं असे. दर सोमवारी बाई वहीवर सही करत. वजन सेहेचाळीसच्या खाली गेलं नाही. खिचडीचा मला अभिमान वाटू लागला होता.

एकदा मोबाईल विसरला म्हणून अर्ध्यातून परतलो. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या शैलावहिनी माझं भरलेलं ताट घेऊन निघाल्या होत्या. सुनंदा त्यांच्या वाडग्यातला गार दहीभात प्लास्टिकच्या चमच्याने खात होती. हसत होती. मला पाहताच तिने चमचा खाली ठेवला.

"मोघेबाईंना माहीत आहे," एवढंच म्हणाली.

पुढच्या सोमवारी मी वही टेबलावर आपटली. "खोट्या आकड्यांवर सह्या केल्यात तुम्ही!"

"आकडे खरे आहेत, साहेब. तेवढं तुम्ही दिलं होतंच. आणि तुमचा घास मी पहिल्याच दिवशी खाल्लाय."

"खिचडी अळणी होती, तर सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर मीठही मोजून घातलं असतंत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही समोर बसलात की त्यांना गिळवत नाही. फोनवर रडत सांगितलं होतं त्यांनी. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या. पेशंट त्या आहेत, तुम्ही नाही."

बाई चुकल्या नव्हत्या, हे काट्यावर दिसत होतं. पण तिघींना सगळं माहीत होतं आणि मी चार महिने खाली फेऱ्या मोजत होतो.

शेवटची केमो पार पडली. वजन सेहेचाळीस किलो दोनशे. त्या भेटीचे पाचशे रुपये मी मोघेबाईंच्या हातात दिले, पावती घेतली. आभार मानले नाहीत.

सुनंदा आता म्हणते, "अहो, बसा की समोर." मला बसवत नाही. ताट ठेवतो आणि खाली जातो.