डाव्या चाकाची आतली बाजू

गल्लीत त्यांना सगळे नाडीवाले म्हणत. गाडी आली की ते आधी बंद बोनेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गिऱ्हाइकाला इंजिन चालू करायला सांगायचे. थोड्या वेळाने निदान बाहेर पडायचं. दुसऱ्या नंबरचा प्लग गेलाय. पट्टा सैल आहे. काही झालेलं नाही, उगाच आलात. बहुतेकदा ते खरं निघायचं. कधी चुकायचंही, पण तेवढं लोक पोटात घालायचे.

आता ते साठीला टेकले होते आणि थकले होते. दिवसभराच्या कामाचा थकवा संध्याकाळी येतो आणि झोपेने जातो. यांचा सकाळी डोळे उघडायच्या आधीच अंगावर येऊन बसलेला असायचा. गॅरेज घराच्या खालीच होतं. जिना उतरला की काम, चढला की घर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. त्यात उजव्या हाताची बोटं. आधी नुसती टोकं बधिर झाली, मग सगळी बोटं, मग तळवा. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरल्याचं ते फळ होतं आणि त्यांना ते कळतही होतं. पण थंडीने होतं, साबणाने होतं, असं स्वतःला समजावत त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दुसऱ्याची गाडी जरा कुरकुरली की कान टवकारणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत ठार बहिरा झाला होता. डॉक्टरकडे गेलं तर नक्की काय ते कळेल, म्हणून ते जात नव्हते.

अशात सोमवारी मेव्हणा गाडी घेऊन आला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बोलायला लागला की थांबत नाही, आणि स्टेअरिंगवर बसला की अजिबातच थांबत नाही. सासऱ्यांची क्रीम रंगाची जुनी गाडी त्यांच्या माघारी त्याच्याकडे आली होती. एरवी ती महिन्यातून एकदा फडक्याने पुसून चौकापर्यंत फिरवून आणायची वस्तू. पण त्याच्या मुलीची नोकरीची मुलाखत होती, गाडी चुकली, म्हणजे रेल्वेची, आणि पठ्ठ्याने ही म्हातारी बाहेर काढली.

"दाजी, पळाली हो. काय पळाली. भर उन्हात सगळा घाट चढली, एकदा थांबलो नाही," तो किल्ली पुढे करत म्हणाला. "पण येताना कापायला लागली."

"कुठे कापते?"

"सगळीकडेच. सत्तरला आरसा थरथरायला लागतो, नव्वदला ती थरथर आपोआप बंद."

"नव्वद? हिला?"

"मुलाखत होती ना," मेव्हणा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं. "तिला मिळाली नोकरी. आता शुक्रवारी सकाळी सामानसुमान घेऊन तिला तिकडे सोडायचंय. आम्ही तिघं आणि मागे बोचकी. तोवर होईल?"

होईल, म्हणाले नाडीवाले. दुसरं काय म्हणणार? पण गाडी कापते ती उगाच कापत नाही. काहीतरी सुटायला किंवा फुटायला आलेलं असतं, आणि ते शुक्रवारी त्याच घाटात सुटलं तर आत बायकोचा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची लेक, म्हणजे नाडीवाल्यांची भाची.

त्यांनी नेहमीसारखी पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी जॅकवर चढवून खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, एकेक चाक हाताने फिरवलं आणि टायरवर तळहात ठेवून सगळा घेर तपासला. टायर दिसायला नवेकोरे होते. वाहनच फिरत नाही तर टायर झिजणार कधी? चारही ठीक, असं त्यांनी मनात पक्कं केलं आणि तो विषय मिटवला. पुढचे सगळे दिवस ज्या चुकीत गेले ती इथेच झाली होती.

मग इंजिन. उभ्या गाडीत रेस करून पाहिलं तर गाडी शांत. म्हणजे इंजिन नाही. तरी त्याच्या खालचं एक रबर चिरलेलं दिसलं म्हणून बदललं. ट्रायल मारली. सत्तरला आरसा थरथरला. गाडी न्यूट्रलला टाकून तशीच वाहू दिली, तरी थरथरला. म्हणजे दोष चाकांच्या बाजूचा. मंगळवारी चारही चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि ब्रेकचे ड्रम तपासले. ठीक. बुधवारी इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट उतरवला, त्याचे सांधे पाहिले, पुन्हा चढवला. तोही ठीक. गुरुवारी दुपारपर्यंत नाडीवाल्यांच्या नाकी नऊ आले होते. पाठ बोलत होती, गुडघे बोलत होते, एक गाडी तेवढी काही सांगत नव्हती.

बायको चहा घेऊन खाली आली तेव्हा ते गाडीच्या सीटशेजारी पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवत होते.

तिचं वरच्या खोलीत शिवणकाम चालायचं. कापड दोन बोटांत धरून ते धुतल्यावर किती आटेल ते सांगणारी बाई. तिने पेल्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"कंप किती येतो ते दिसायला."

"दिसायला," ती म्हणाली. एवढंच. पण तिने तो शब्द जमिनीवरून उचलून बघावा तसा उच्चारला, आणि नाडीवाल्यांनी मान खाली घातली. चहाचा पेला वाफाळत होता. त्यांनी तो उघड्या हाताने सरळ कडेला धरून उचलला आणि सावकाश प्यायला लागले. तिने पदराने धरून आणला होता तोच पेला.

"चला," ती म्हणाली, "मी मागे बसते."

"तू कशाला? शिवायचं पडलंय तुझं."

"या गाडीच्या मागच्या सीटवर माझं लहानपण गेलंय. चालवा तुम्ही."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला काटा सत्तरवर गेला आणि ती मागून म्हणाली, "आलं. माझ्या डाव्या बाजूला, खाली. नुसतं थरथरत नाही, एका ठिकाणी ठोका पडतो." थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला स्टेअरिंगला काहीच लागत नाही?"

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला कशालाच काही लागत नाही."

त्यांना वाटलं होतं, हे बोललं की आभाळ कोसळेल. प्रत्यक्षात त्यांनी फक्त गाडी वळवली.

परत आल्यावर त्यांनी डावं मागचं चाक उचललं. ती चाकाशी उकिडवी बसली. "हात कुठे ठेवू?" तिने विचारलं, आणि नाडीवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा ते शब्दांत सांगावं लागलं. दाबायचं नाही. नुसता टेकवायचा. चाक हळू फिरवायचं, हात हलवायचा नाही. बाहेरून झालं की आतल्या बाजूने. तिने हात आत घातला, चाक फिरवलं आणि अर्ध्यावर थांबली.

"इथे फुगलंय."

"कुठे?"

तिने त्यांचं मनगट धरून बोटं तिथे टेकवली. त्यांना तिथे रबर आहे एवढं कळलं, तेही बोटं पुढे जाईनात म्हणून. ते टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झाले. आतल्या कडेला, जिथे उभ्या माणसाची नजर पोचत नाही, टायरला टेंगूळ आलं होतं. वर्षानुवर्षं उभ्या उभ्या रबर म्हातारं झालेलं, आणि घाटात तापल्यावर आतले थर सुटलेले. अजून एक घाट आणि ते फुटलं असतं. मंगळवारी हेच चाक काढून त्यांनी भिंतीला टेकवलं होतं, नेमकी आतली बाजू भिंतीकडे करून.

स्टेपनी चढवली आणि पुन्हा ट्रायल मारली. आरसा स्थिर. पेल्यातलं पाणी स्थिर. नाडीवाल्यांना आनंद व्हायला हवा होता. ते जिना चढून गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"कधीपासून माहीत होतं तुला?" त्यांनी तसंच पडून विचारलं.

"बरेच दिवस झाले. शर्टाची बटणं लावायला तुम्हाला आरसा लागायला लागला तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली आणि मशीन चालवायला लागली.

शुक्रवारी सकाळी मेव्हणा, त्याची बायको आणि भाची हजर. तीन बॅगा, एक गादी, एक टेबलफॅन. नाडीवाल्यांनी गाडी सोडायच्या आधी एकदा खालून बघू म्हणून गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर उभी केली होती, पण खाली उतरायचं त्यांना होत नव्हतं.

"टायर होता ना? बदललात ना? झालं तर मग," मेव्हणा गादी आत कोंबत म्हणाला. "मी सांगत होतोच, आमचे दाजी शोधून काढणार."

"मी नाही शोधलं, तुझ्या ताईने शोधलं," नाडीवाले म्हणाले. इथे थांबता आलं असतं. मेव्हण्याने हसण्यावारी नेलं असतं, गाडी गेली असती आणि गल्लीत नाव तसंच राहिलं असतं. "सोमवारी त्याच टायरवरून मी हात फिरवला होता. मला कळलं नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही आता. बरेच दिवस."

मेव्हण्याचा हात गादीवरच राहिला. मग त्याने विचारलं, आणि तो बोलका माणूस अगदी हळू विचारत होता, "दाजी, ब्रेक कोणी बसवले?"

"मीच."

"आणि ते खालचं?"

"शाफ्ट. तोही मीच."

भाची आधीच मागच्या सीटवर बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि दार उघडून खाली उतरली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. नाडीवाल्यांना त्या दाराच्या आवाजाने जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशाने लागलं नसतं. त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"समोरच्या गॅरेजला दाखव आणि मग जा," ते म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी."

समोरच्या गॅरेजवाल्याशी त्यांचं उभं वैर होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मेव्हणा काही बोलायच्या आत नाडीवाल्यांच्या बायकोने पदर खोचला आणि खड्ड्याच्या पायऱ्या उतरली.

"सांगा," ती खालून म्हणाली. "काय काय धरून बघू?"

ते खड्ड्याच्या काठाशी बसले आणि सांगत गेले. चाकांच्या आतल्या नळ्या. ब्रेकच्या तारा. सांधे. ती एकेक धरून हलवत होती आणि वर सांगत होती, घट्ट आहे, घट्ट आहे. शाफ्टच्या मागच्या टोकाला चार बोल्ट होते. पहिला घट्ट, दुसरा घट्ट, तिसरा घट्ट. चौथ्यावर तिने पुन्हा हात ठेवला.

"काय झालं?"

"हा नुसत्या बोटांनी फिरतोय."

हा बोल्ट त्यांनी बुधवारी स्वतः आवळला होता. आवळल्यासारखं वाटलं होतं. मेव्हण्याने ते ऐकलं, भाचीने ऐकलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं नाडीवाल्यांना वाटलं.

"कुठला पाना?" बायकोने विचारलं.

"चौदा नंबर."

त्यांनी तो खाली दिला. ती आवळत होती आणि दर फेऱ्यानंतर विचारत होती, बस? ते सवयीने खाली हात नेऊ लागले आणि मध्येच थांबले. "मला नको विचारू," ते म्हणाले. "तो जड जायला लागला की तुलाच कळेल. त्यानंतर अजून थोडा."

तिने अजून थोडा आवळला. मग पहिल्यापासून चारही पुन्हा पाहिले, ब्रेकपाशी पुन्हा गेली, चाकांचे नट पुन्हा धरून पाहिले. ऊन दारातून आत आलं. भाचीने दोनदा घड्याळ पाहिलं, पण घाई करा म्हणाली नाही. बायको वर आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर कसलाही विजय नव्हता. दमली होती बिचारी.

"झालं?" मेव्हण्याने विचारलं. विचारताना तो दाजींकडे बघत होता.

नाडीवाल्यांनी खिशातून किल्ली काढली. मेव्हण्याने हात पुढे केला होता, तरी ती त्याला न देता त्यांनी बायकोच्या ग्रीस लागलेल्या हातात ठेवली.

"तिला विचार," ते म्हणाले. "गाडी सोडायची की नाही, ते आता ती सांगेल."